उपकरण मिळते, जाणकार मिळतो का?

सिंगापूरच्या रेडहिल मेट्रो स्थानकाजवळ, लेंगकोक बाहरू मार्गावर, ‘एनेबलिंग व्हिलेज’ हे संकुल आहे. पूर्वीच्या बुकित मेराह व्होकेशनल इन्स्टिट्यूटच्या इमारतींचा कायापालट करून ते २०१५ मध्ये खुले झाले. तेथील ‘टेक एबल’ केंद्रात दिव्यांग व्यक्तींना सहाय्यक उपकरणे प्रत्यक्ष हाताळून पाहता येतात. खरेदीसाठी ‘असिस्टिव्ह टेक्नॉलॉजी फंड’ आहे. पात्र नागरिकांना आणि कायम रहिवाशांना त्यातून खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत, आयुष्यभरात कमाल ४० हजार सिंगापूर डॉलर इतके साहाय्य मिळू शकते.

म्हणजे वस्तू आहे आणि पैशाची तरतूदही आहे. तरीही एक प्रश्न उरतो. कोणते उपकरण घ्यावे हे ठरवणारी, ते वापरणाऱ्याच्या शरीराला व कामाला जुळवून देणारी, शिकवणारी आणि वर्षभराने पुन्हा चौकशी करणारी व्यक्ती त्या कामात खरोखर तयार असते का?

उपकरणे कोपऱ्यात का पडतात?

या प्रश्नाचे गांभीर्य एका जुन्या अमेरिकी अभ्यासातून स्पष्ट होते. बेट्सी फिलिप्स आणि हाँगशिन झाओ यांनी १९९३ मध्ये २२७ दिव्यांग प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्याकडील उपकरणांपैकी २९.३ टक्के उपकरणांचा वापर पूर्णपणे थांबलेला होता. त्यामागे चार प्रमुख कारणे आढळली : निवड करताना वापरणाऱ्याचे मत विचारात न घेणे, उपकरण फार सहज हाती पडणे, त्याची निकृष्ट कामगिरी आणि काळानुसार बदललेल्या गरजा. यंत्राचा दोष म्हणावा असे कारण यांत एकच आहे. बाकीची निवडीच्या आणि पाठपुराव्याच्या उणिवेकडे बोट दाखवतात.

व्हीलचेअरचे उदाहरण घेऊ. बैठक अवघी काही सेंटिमीटर रुंद असली, तरी बसणारा एका बाजूला कलतो, पाठीवर ताण येतो आणि एकाच जागी दाब पडत राहिल्यास जखमा होतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत व्हीलचेअर-सेवेचे आठ टप्पे सांगितले : नोंदणी, मूल्यमापन, निवड, निधी व मागणी, जोडणी, मापात बसवणे, प्रशिक्षण आणि पाठपुरावा. खुर्ची विकत घेणे हा त्यातला केवळ एक टप्पा आहे.

दृष्टिहीन व्यक्तीच्या संगणकावर ‘एनव्हीडीए’ हा मोफत स्क्रीन रीडर काही मिनिटांत बसवता येतो. मात्र कळफलकावरील आज्ञा अंगवळणी पडायला बराच काळ लागतो. कार्यालयातील एखादी प्रणाली त्याच्याशी जुळत नसेल, तर ते ओळखून मार्ग काढणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. २०३० पर्यंत काम करण्याच्या वयातील ४० टक्के दिव्यांगांना रोजगार मिळावा, असे उद्दिष्ट सिंगापूरने ठेवले आहे. या कौशल्याशिवाय ते गाठणे अवघड आहे.

पात्रता कोणाची, कशाची?

सिंगापूरमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट, फिजिओथेरपिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट यांची नोंदणी २०११ च्या ‘अलाइड हेल्थ प्रोफेशन्स’ कायद्यानुसार होते. पण ही नोंदणी उपचार-व्यवसायाची आहे. सहाय्यक तंत्रज्ञानातील विशेष कौशल्याची ती हमी नव्हे. दुकानातील प्रात्यक्षिक दाखवणारा किंवा संगणक-प्रशिक्षक तर या चौकटीबाहेरच राहतो.

अमेरिकेत ‘रेस्ना’ ही संस्था शिक्षण, कामाचा अनुभव आणि परीक्षा यांच्या आधारे सहाय्यक तंत्रज्ञान व्यावसायिकांना प्रमाणपत्र देते. त्यांना आचारसंहिता पाळावी लागते आणि प्रमाणपत्राचे नियमित नूतनीकरण करावे लागते. तेथील ‘मेडिकेअर’ने गुंतागुंतीच्या विद्युत व्हीलचेअरसाठी आणखी एक दक्षता घेतली आहे : मूल्यमापन करणाऱ्या तज्ज्ञाचे विक्रेत्याशी आर्थिक हितसंबंध असता कामा नयेत. तपासणारा आणि विकणारा वेगळे असले, म्हणजे सल्ल्यावर विश्वास ठेवता येतो.

भारतात १९९२ च्या पुनर्वास परिषद कायद्याने पुनर्वसन व्यावसायिकांची नोंदणी बंधनकारक केली. परंतु केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतील साधनांचे वाटप मोठ्या प्रमाणावर शिबिरांतून होते. शिबिर उठल्यावर खुर्चीचे चाक निखळले तर जायचे कोठे, हा प्रश्न नोंदणीच्या कायद्याने आपोआप सुटत नाही. दर्जा हवा तो व्यक्तीच्या पात्रतेला आणि सेवेच्या पूर्ण साखळीला, दोन्हींना.

अर्थात सरसकट परवान्याची सक्ती केली, तर तज्ज्ञ मोजके आणि प्रतीक्षा लांब अशी स्थिती ओढवेल. त्यामुळे पायऱ्या आखणे अधिक व्यवहार्य ठरते. काठी, भिंग यांसारख्या साध्या साधनांसाठी प्राथमिक आरोग्यसेवकांना अल्प प्रशिक्षण पुरते. जागतिक आरोग्य संघटनेचा ‘टॅप’ हा ऑनलाइन अभ्यासक्रम त्यासाठीच आहे. नजरेच्या हालचालीवर चालणारा संगणक किंवा खास आसनव्यवस्था यांसाठी मात्र प्रमाणित तज्ज्ञच हवा.

मराठी घरातला प्रश्न

बोलू न शकणाऱ्या मुलासाठी संवादाचे उपकरण निवडले जाते, तेव्हा त्यातील शब्द बहुधा शाळेच्या इंग्रजीत भरले जातात. सुटीत आजी-आजोबा आले, की मुलाला ‘आजी, भूक लागली’ म्हणता येत नाही. घरात कोणती भाषा बोलली जाते, हे पहिल्याच भेटीत विचारणे हा व्यावसायिक दर्जाचा भाग आहे. तज्ज्ञाने विचारले नाही, तर पालकांनी सांगावे आणि कुटुंबातील आवाजात मराठी शब्द ध्वनिमुद्रित करून घेता येतील का, याची चौकशी करावी.

वर्क पासवरील कुटुंबांना या निधीचा लाभ मिळत नाही. सारा खर्च पदरचा. त्यामुळे खरेदीपूर्वी काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. सल्ला देणाऱ्याला विक्रीतून काही मिळते का? घरी किंवा कामाच्या ठिकाणी चाचणीसाठी उपकरण काही दिवस मिळेल का? किमतीत प्रशिक्षणाच्या किती भेटी धरल्या आहेत? सहा महिन्यांनी तपासणी कोण करणार? आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे, त्याला कोणी विचारले का?

पुण्या-नाशिकला असलेल्या आई-वडिलांसाठी श्रवणयंत्र किंवा व्हीलचेअर येथून पाठवण्याचा विचार असेल, तर हेच प्रश्न तिथल्या तज्ज्ञालाही विचारावेत. माप न घेता पाठवलेली महागडी खुर्ची अनेकदा गॅलरीत उभी राहते.