कंबरदुखी आणि चाकांवरचें घर



केवळ सहलीसाठीं मुद्दाम बांधवून घेतलेलें चाकांवरचें घर इंग्लंडांत १८८५ सालीं डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांनीं रस्त्यावर आणलें, तेव्हां तें ओढावयास दोन घोडे होते. पुढें घोड्यांच्या जागीं मोटारगाडी आली; पण एक काम मात्र माणसाच्या गळ्यांत पडलें. मुक्कामीं पोंचल्यावर मोटार सोडवावयाची आणि ती कॅरव्हॅन हातांनीं ढकलून नेमक्या जागीं उभी करावयाची!

माझी कन्या व जांवई इंग्लंडांत असतात. जांवयांच्या कंबरेच्या मणक्यांतील चकती सरकलेली आहे. गेल्या उन्हाळ्यांत मी तिकडे असतां ते म्हणाले, “अण्णा, आतां ही कॅरव्हॅन विकून टाकावी हें बरें.” नातवंडें हिरमुसलीं. तेव्हां जो विचार आम्हीं केला तो आज आपणांपुढें मांडतों. आपल्यापैकीं अनेकांचीं मुलें परदेशीं आहेत, आणि कंबरदुखी तर घरोघरीं आहे.

प्रथम साधें गणित करूं. कॅरव्हॅनचें वजन १४०० किलो धरा. वीस फुटांस एक फूट असा किरकोळ चढ असला, तरी तिला वर ढकलण्यास वजनाच्या विसाव्या भागाइतका, म्हणजे ७० किलोंचा जोर लागतो. ओल्या गवताची अडवणूक निराळीच. हा जोर वांकून, पाय रोवून लावावा लागतो, आणि त्याचा सारा ताण कंबरेच्या मणक्यांवर येतो.

यावर उपाय म्हणजे ‘मूव्हर’. दोन्ही बाजूंच्या चाकांशीं एकेक विजेची मोटर बसविलेली असते व तिला धातूचा एक रोलर असतो. रोलर टायरवर घट्ट दाबला, कीं तो फिरतांना टायरलाहि फिरवितो. वीज कॅरव्हॅनमधील १२ व्होल्टांच्या बॅटरीची. मालकानें दूर ताठ उभें राहून हातांतल्या रिमोटच्या कळा दाबाव्या. एक चाक पुढें व दुसरें मागें फिरविलें, कीं दुचाकी कॅरव्हॅन जागच्या जागीं वळते.

मूव्हर घेतांना दुकानदार यंत्राची ताकद सांगतो. कंबरदुखी असलेल्यानें मात्र पहिला प्रश्न हा विचारावा: “मला किती वेळां वांकावें लागेल?” कारण यंत्रानें ढकलणें वाचविलें आणि वांकणें वाढविलें, तर आगींतून फुफाट्यांत पडल्यासारखें होईल.

स्वस्त प्रकारांत रोलर टायरला लावण्यासाठीं चाकापाशीं खालीं वांकून हातानें दांडा फिरवावा लागतो. पोंचल्यावर दोन्ही बाजूंस लावणें व सोडविणें, निघतांना पुन्हां तेंच. म्हणजे एका मुक्कामांत आठ वेळां वांकणें आलें. कांहीं प्रकारांत एका बाजूनें दोन्ही रोलर लागतात. तेथें चार वेळां. स्वयंचलित प्रकारांत हेंहि काम रिमोट करतो. किंमत अधिक पडते, पण कंबरदुखी असलेल्यानें येथें काटकसर करूं नये. मात्र बॅटरी उतरली असतां रोलर हातानें कसे सोडवावयाचे, तें विकत घेण्यापूर्वींच करून पाहावें.

दुसरी गोष्ट बॅटरीची. शिशाची मोठी बॅटरी वीस किलोंहून अधिक भरते. ती उचलून घरांत नेण्यापेक्षां जागच्या जागींच चार्ज करण्याची सोय असावी. लिथियमची बॅटरी पुष्कळच हलकी. परंतु मूव्हर एकदम मोठा प्रवाह ओढतो, तो तिला झेपेल काय व आपला चार्जर तिला चालेल काय, हें आधीं विचारावें.

तिसरें, कॅरव्हॅनचें भरलेलें वजन व घरासमोरचा चढ मोजून, तेवढ्या वजनासाठीं निर्मात्यानें सांगितलेली चढाची मर्यादा ताडून पाहावी. मूव्हरचें स्वतःचें तीसएक किलो वजन सामानाच्या मुभेंतून वजा होतें, हेंहि विसरूं नये. यंत्र बसविण्याचें काम गाडीखालीं निजून करावयाचें असल्यामुळें तें कारागिराकडेच द्यावें.

एक दक्षता अत्यावश्यक आहे. जागेवर उभें राहिल्यावर आधीं हातब्रेक ओढावा, मगच रोलर सोडवावे. उलट केल्यास चढावर कॅरव्हॅन घरंगळते, आणि माणूस नकळत तिला अंगानें अडवावयास धांवतो. जी कंबर वांचवावयाची, तीच अशा क्षणीं जाते.

मूव्हर सर्व कामें करीत नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें. चारी कोपऱ्यांचे टेकू खालीं सोडावयाचे असतात. त्यांसाठीं लांब दांड्याचें विजेचें ड्रिल मिळतें. पाणी बादल्यांनीं वाहण्याऐवजीं जमिनीवर लोळवीत नेण्याचें ४० लिटरचें पिंप मिळतें.

आम्हीं कागदावर वांकण्याच्या जागा मांडल्या आणि ज्यांत त्या सर्वांत कमी, तो स्वयंचलित मूव्हर घेतला. पहिल्या मुक्कामीं जुन्या संवयीनें मी ढकलावयास पुढें झालों. जांवई हंसून म्हणाले, “अण्णा, आपण बाजूला उभे राहा.” कॅरव्हॅन संथपणें आपल्या जागीं जाऊन उभी राहिली. ती अद्यापि विकलेली नाहीं.