जगज्जेत्याची कमाई

इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात क्रुसिबल नावाचं हजारभर खुर्च्यांचंही नसलेलं एक नाट्यगृह आहे. १९७७ पासून स्नूकरची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा तिथे भरते. सतरा दिवस सामने चालतात आणि शेवटी जो उरतो त्याला ५ लाख पौंड मिळतात. आजच्या भावानं हे पाच कोटी रुपयांच्या वर जातात. सात वेळा ही स्पर्धा जिंकलेल्या रॉनी ओ'सुलिव्हानची कारकिर्दीतली बक्षिसांची रक्कम तर एक कोटी पौंडांच्या पुढे गेली आहे.

महाडच्या बाजारपेठेत किंवा पोलादपूरच्या एसटी स्टँडवर हा आकडा सांगितला, तर ऐकणारा पहिल्यांदा विचारेल, ‘काठीनं गोट्या ढकलायचे एवढे पैसे?’ प्रश्न रास्त आहे. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्नही विचारला पाहिजे. हा खेळ जन्मला भारतात, भारतानं याच टेबलावरच्या खेळांत एकामागून एक जगज्जेते दिले, त्यातला पहिला तर आपल्या वरंध घाटाच्या पलीकडच्या पुण्याचा. मग त्यांच्या वाट्याला काय आलं? या जगज्जेत्यांच्या कारकिर्दी वाचत गेलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. बक्षिसाची रक्कम चॅम्पियन घडवत नाही, ती चॅम्पियन झाल्यावर येते. घडण्याच्या दहा-पंधरा वर्षांत दोनच गोष्टी कामाला येतात: रोज खेळायला मिळणारं टेबल आणि दर महिन्याला घरात येणारा पगार.

टेबल जवळून पाहिलं तर

पूर्ण मापाचं टेबल १२ फूट लांब आणि ६ फूट रुंद असतं. हिरव्या लोकरी कापडाखाली लाकूड असेल असं वाटतं, पण तिथे पाटीच्या दगडाच्या पाच जाड लाद्या एकीला एक भिडवून बसवलेल्या असतात. सांधा केसभर जरी वरखाली राहिला तरी चेंडू तिथे वाट बदलतो. या सगळ्याचं वजन टनाच्या पुढे जातं. वर २२ चेंडू: १५ लाल, ६ रंगीत आणि एक पांढरा. प्रत्येकाचा व्यास साडेबावन्न मिलिमीटर. लाल चेंडू पॉकेटमध्ये घातला की १ गुण, मग एक रंगीत, मग पुन्हा लाल. पिवळ्याचे २, हिरव्याचे ३, तपकिरीचे ४, निळ्याचे ५, गुलाबीचे ६ आणि काळ्याचे ७. पंधराही लालांबरोबर प्रत्येक वेळी काळाच घेतला तर १२० गुण होतात. शेवटी सहा रंग ओळीनं घेतले की आणखी २७. असा एकाच सलग पाळीत १४७ चा ब्रेक होतो आणि प्रत्येक खेळाडू त्याची स्वप्नं पाहतो.

चेंडू पॉकेटमध्ये घालणं हा या खेळातला सोपा भाग आहे. अवघड असतं ते पांढरा चेंडू पुढच्या फटक्यासाठी नेमका जागेवर आणणं. काळा चेंडू कोपऱ्यात पडता पडता पांढरा कुशनला, म्हणजे टेबलाच्या कडेला, लागून परत फिरला पाहिजे आणि ज्या लालावर डोळा आहे त्याच्यामागे थांबला पाहिजे. खेळाडू याला ‘पोझिशन’ म्हणतात. क्यूचं, म्हणजे काठीचं, टोक पांढऱ्याच्या मध्याखाली लागलं तर तो मागे येतो, वर लागलं तर पुढे धावतो, बाजूला लागलं तर कुशनवरून कोन बदलतो. हनुवटी क्यूला टेकलेली, पुढचा हात कापडावर घट्ट, मागचा हात लंबकासारखा हलता. हे हाताच्या हाडात मुरायला वर्षानुवर्षं रोजचे चार-सहा तास लागतात, आणि ते टेबलावरच द्यावे लागतात. क्रिकेटसाठी भिंत आणि रबरी चेंडू चालतो, कबड्डीला अंगण पुरतं. स्नूकरला टेबलाशिवाय पर्याय नाही.

याच टेबलाच्या किमतीत आणि वजनात या खेळाचा सगळा इतिहास दडलेला आहे. १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्यानं बिलियर्ड्सच्या टेबलावर जास्तीचे रंगीत चेंडू मांडून हा खेळ सुरू केला. पुढे उटीच्या क्लबात नियम ठरले. म्हणजे खेळ भारतातला, पण टेबल छावणीतलं आणि गोऱ्यांच्या क्लबातलं. पुढे क्लबांची मालकी बदलली तरी टेबलं बराच काळ जिमखान्यांच्या दारांआडच राहिली. सभासदत्व नाही त्याला प्रवेश नाही.

पुण्याचा विल्सन जोन्स

या दारातून आत शिरून जगाच्या शिखरावर पोहोचलेला पहिला भारतीय म्हणजे विल्सन जोन्स. जन्म पुण्यातला, २ मे १९२२ चा, अँग्लो-इंडियन कुटुंबातला. १९५० ते १९६६ या काळात बारा वेळा बिलियर्ड्सचा राष्ट्रीय विजेता, पाच वेळा स्नूकरचा. बिलियर्ड्स त्याच टेबलावर पण तीनच चेंडूंनी खेळतात आणि जोन्सचा जीव त्यात होता. १९५८ मध्ये कोलकात्यात त्यानं हौशी खेळाडूंचं बिलियर्ड्सचं जगज्जेतेपद मिळवलं. कुठल्याही खेळात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवणारा स्वतंत्र भारताचा तो पहिला खेळाडू. १९६४ मध्ये न्यूझीलंडला जाऊन त्यानं तो किताब पुन्हा आणला.

कमाई किती? रोख जवळजवळ काहीच नाही. हौशी म्हणून खेळायचं तर बक्षिसाच्या पैशाला हात लावायचा नाही, हा त्या काळचा दंडक होता. जोन्स मुंबईत खासगी कंपनीत नोकरी करायचा, त्यावर घर चालायचं आणि उरलेल्या वेळात सराव. देशानं मान दिला: अर्जुन पुरस्कार, पद्मश्री आणि तरुण खेळाडू घडवले म्हणून १९९६ चा द्रोणाचार्य पुरस्कार. २००३ मध्ये मुंबईत त्याचं निधन झालं. पुणेकरांपैकी कितीजणांना आज हे नाव माहीत आहे? शाळेच्या पुस्तकात असायला हवा असा हा माणूस आहे.

त्याच्यामागून आला मुंबईचा मायकेल फरेरा. वकिलीचं शिक्षण घेतलेला. १९७७, १९८१ आणि १९८३ असा तीन वेळा हौशी बिलियर्ड्सचा जगज्जेता. १९७८ मध्ये त्यानं ११४९ गुणांचा ब्रेक केला. हजाराचा टप्पा ओलांडणारा तो पहिला हौशी खेळाडू. १९८१ मध्ये सरकारनं पद्मश्री देऊ केली तेव्हा त्यानं ती नाकारली. सुनील गावसकरांना पद्मभूषण मिळतं तर जगज्जेत्यालाही तेच मिळायला हवं, हे त्याचं म्हणणं. १९८३ मध्ये ते मिळालं. काहींना त्यात अहंकार दिसला. मला त्यात साधा न्याय दिसतो. ज्या खेळात पैसा नाही तिथे मान हीच कमाई, आणि आपल्या कमाईचा दर ठरवून मागण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

तिकडे पैसा कुठून आला?

स्नूकरची पहिली जागतिक स्पर्धा १९२७ च्या मे महिन्यात बर्मिंगहॅमला संपली. विजेता जो डेव्हिस. बक्षीस ६ पौंड १० शिलिंग. १९७२ मध्ये अलेक्स हिगिन्स जिंकला तेव्हाही त्याला ४८० पौंडच मिळाले. मग पाच लाखांपर्यंतची झेप कशी घेतली गेली?

उत्तर आहे रंगीत टेलिव्हिजन. बीबीसीनं १९६९ मध्ये ‘पॉट ब्लॅक’ हा कार्यक्रम सुरू केला तो नव्या रंगीत प्रक्षेपणाची खुमारी दाखवायला. लाल, गुलाबी, निळे चेंडू हिरव्या कापडावर: पडद्यासाठी याहून सोयीचा खेळ नव्हता. १९८५ चा अंतिम सामना शेवटच्या काळ्या चेंडूपर्यंत गेला, डेनिस टेलरनं स्टीव्ह डेव्हिसला हरवलं आणि मध्यरात्र उलटून गेली तरी १ कोटी ८५ लाख ब्रिटिश प्रेक्षक जागे होते. जिथे एवढे डोळे तिथे जाहिरात, आणि जाहिरातीबरोबर बक्षिसं. तंबाखू कंपन्यांचा पैसा कितीतरी वर्षं या खेळात वाहत होता. पुढे चीननं खेळ उचलला आणि २०२५ मध्ये चीनचा झाओ शिनतोंग जगज्जेता झाला.

पण शिखरावरचा आकडा पाहून तळ विसरू नये. व्यावसायिक दौऱ्यात सव्वाशेच्या आसपास खेळाडू असतात. पहिले दहा-बारा श्रीमंत होतात. खालचे लोक विमानाचं तिकीट, हॉटेल, सरावाचं भाडं स्वतःच्या खिशातून भरतात, आणि पूर्वी पहिल्याच फेरीत हरले तर रिकाम्या हातानं परतायचे. म्हणून २०२२-२३ च्या हंगामापासून प्रत्येकाला किमान २० हजार पौंडांची हमी देण्याची व्यवस्था करावी लागली. आणि मिळालेला पैसा टिकतोच असं नाही. दोनदा जगज्जेता झालेल्या हिगिन्सनं लाखो पौंड मिळवले, दारू-जुगारात घालवले आणि २०१० मध्ये बेलफास्टच्या आधारनिवासात एकटा वारला.

आपले खेळाडू आणि नोकरीचा आधार

ओम अग्रवालनं १९८४ मध्ये डब्लिनला हौशी स्नूकरचं जगज्जेतेपद भारतात आणलं. मुंबईचा यासीन मर्चंट १९८९ आणि २००१ असा दोनदा आशियाई विजेता. मुंबईच्याच आदित्य मेहतानं २०१३ मध्ये वर्ल्ड गेम्सचं सुवर्ण जिंकलं, त्याच वर्षी दिल्लीत इंडियन ओपनची अंतिम फेरी गाठली आणि २०१४ मध्ये जर्मनीत व्यावसायिक स्पर्धेत १४७ चा ब्रेक केला. व्यावसायिक दौऱ्यात उतरलेल्या आपल्या मुलांना इंग्लंडमध्ये राहून झगडावं लागलं, कारण बहुतेक पात्रता फेऱ्या तिकडेच व्हायच्या.

पंकज अडवाणीची गोष्ट सर्वात बोलकी आहे. जन्म पुण्याचा, २४ जुलै १९८५ चा. वाढला बंगळुरूत आणि तिथे अरविंद सावूर यांच्यासारखा गुरू लाभला. २००३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, चीनमध्ये तो हौशी स्नूकरचा जगज्जेता झाला. २०१२ मध्ये व्यावसायिक दौऱ्यात उतरला, २०१३ च्या वेल्श ओपनमध्ये उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. मानांकन स्पर्धेत तिथवर पोहोचलेला तो पहिला भारतीय. आणि तरी २०१४ मध्ये तो हा दौरा सोडून घरी परतला. स्नूकर आणि बिलियर्ड्स दोन्ही खेळत राहिला आणि २०२४ अखेर त्याच्या नावावर २८ जागतिक किताब जमा झाले. खेलरत्न, पद्मश्री, पद्मभूषण हे सगळं झालं. या सगळ्यामागे ओएनजीसीतली नोकरी भक्कम उभी होती. पगार चालू असल्यामुळे पहिल्या फेरीत हरण्याची भीती त्याच्या मनगटात उतरली नाही.

आशियाई क्रीडा स्पर्धेत १९९८ ते २०१० या काळात हा खेळ होता. १९९८ मध्ये बँकॉकला अशोक शांडिल्यनं आणि गीत सेठीनं सुवर्ण आणलं, २००६ आणि २०१० मध्ये अडवाणीनं. नंतर खेळच यादीतून वगळला गेला. पदकांची संधी गेली की सरकारी मदतीचा ओघ आटतो. ऑलिंपिकमध्ये तर तो कधी नव्हताच. म्हणून या खेळाडूंसाठी सार्वजनिक उपक्रमांची नोकरी आणखीच मोलाची ठरते.

मग महाड-पोलादपूरनं काय करावं?

आपल्याकडचा खेळ कबड्डी. माती आहे, मुलं आहेत, परंपरा आहे. तो सोडून स्नूकर घ्या असं मी म्हणणार नाही. पण खेळाच्या आवडीला तालुक्याची हद्द नसते. उमरठच्या नाहीतर बिरवाडीच्या एखाद्या मुलीच्या डोळ्यात ती अचूक रेषा असेल, तर तिला ती कळणार कशी? पदरचे पैसे मोजून खेळायचं म्हटलं आणि तासाचे दीडशे रुपये धरले, तर रोज चार तासांचे महिन्याला १८ हजार होतात. आपल्याकडे कितीतरी घरांचा महिनाच तेवढ्यात निघतो.

टेबल आणायचं तर कोकणाचा स्वभावही ध्यानात घ्यावा लागेल. पावसाळ्यात हवेतली ओल कापडात मुरते, कापड जड होतं, चेंडू मंदावतो. मोठ्या स्पर्धांत टेबलाखाली तापवायची सोय असते ती यासाठीच. आणि महाडला सावित्रीचा पूर विसरून चालत नाही. २०२१ च्या जुलैत बाजारपेठ पाण्यात गेली तेव्हा लोकांनी मिळेल ते वर नेलं. टनभर वजनाचं टेबल कुणी वर नेणार नाही. तेव्हा जागा उंचावरची हवी आणि जमीन भक्कम हवी.

पैशाचा मार्गही आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत मोठ्या कंपन्या आहेत. कंपनी कायद्यानुसार ठरावीक नफ्याच्या वरच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात आणि त्या यादीत ग्रामीण व राष्ट्रीय मान्यता असलेल्या खेळांचं प्रशिक्षणही येतं. दोन टेबलं, एक जाणता प्रशिक्षक आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतून निवडलेली मुलं, एवढ्यानं सुरुवात होऊ शकते. कबड्डीच्या मॅटसाठीही याच दारात जाता येईल.

आणि एक अट. त्या खोलीचं दार सर्वांना खुलं असलं पाहिजे. हे महाडला वेगळं शिकवायला नको. १९२३ मध्ये मुंबई कायदे मंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला, तरी अस्पृश्य मानलेल्यांना प्रत्यक्षात पाणी मिळालं नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तळ्यावर जाऊन ओंजळ भरली तेव्हा तो ठराव कागदावरून जमिनीवर उतरला. माणूसपणाच्या त्या लढ्याशी खेळाच्या सोयीची बरोबरी होऊच शकत नाही. पण पाटीवर ‘सर्वांसाठी’ लिहून भागत नाही, दार प्रत्यक्ष उघडं आहे ना हे रोज पाहावं लागतं, एवढा धडा तिथून नक्की घेता येतो. मुलींसाठी वेळ राखून ठेवा, पायात चप्पल नसलेल्या मुलालाही क्यू हातात द्या, मालकाच्या पोराला आधी आणि इतरांना नंतर असं होऊ देऊ नका.

पालकांना एकच सांगणं. पाच लाख पौंडांच्या स्वप्नावर मुलाचं शिक्षण सोडवू नका. खेळाबरोबर शिक्षण चालू ठेवा, नोकरीत खेळाडूंसाठी असलेल्या जागा कुठे आहेत, कुठले खेळ त्यांत धरले जातात, याची चौकशी आधीच करा. विल्सन जोन्स नोकरी करत जगज्जेता झाला, पंकज अडवाणीही नोकरीच्या आधारावर. त्यांनी खेळासाठी पोट मारलं नाही आणि पोटासाठी खेळही मारला नाही. महाड आणि पोलादपूरच्या मुलांना हे दोन्ही एकत्र साधता यावं, यासाठी गावानं, कंपन्यांनी आणि शासनानं पुढे यावं. पुढच्या दिवाळीपर्यंत एक जरी टेबल बसलं, तरी या लेखाचं सार्थक होईल.