महोगनीचे खोड आणि पुडीचा नाद : काही रूढ गैरसमज

ठाणे खाडीच्या काठावरील घणसोली गावासारख्या जुन्या आगरी-कोळी वस्तीत देवळातील भजनाचा पखवाज आणि हळदीच्या मांडवात वाजणारा बेंजो पार्टीचा ड्रम ही दोन्ही वाद्ये सारख्याच परिचयाची असतात. मात्र पहिल्याचे खोड अखंड ओंडक्यातून कोरलेले असते, तर दुसऱ्याचे खोड, म्हणजे ज्याला वादक ‘शेल’ म्हणतात ते, लाकडाचे पातळ थर वाकवून आणि एकमेकांवर चिकटवून घडवलेले असते. दोन्ही वाद्यांच्या खरेदीत लाकडाच्या नावाला मोठे महत्त्व दिले जाते, आणि ड्रमच्या बाबतीत ‘महोगनी’ हा शब्द उच्चारला की खर्ज भरदार आणि नाद उबदार असणारच, असे गृहीत धरले जाते. या समजुतीत तथ्याचा अंश आहे, पण तो जेथे आहे असे सांगितले जाते तेथे बहुधा नसतो.

पहिला गैरसमज नावाचाच आहे. महोगनी हे एका झाडाचे नाव नसून लाकूडबाजाराने निरनिराळ्या झाडांना दिलेले नाव आहे. खरी महोगनी म्हणजे मध्य व दक्षिण अमेरिकेतील आणि वेस्ट इंडिज बेटांवरील स्वीटेनिया या प्रजातीतील वृक्ष, आणि त्यांतही होंडुरास महोगनी म्हणून विकली जाणारी स्वीटेनिया मॅक्रोफायला आणि तिच्याहून काहीशी जड असलेली क्युबन महोगनी, म्हणजे स्वीटेनिया महागोनी, या दोन जाती वेगळ्या आहेत. आफ्रिकी महोगनी ही खाया नावाच्या दुसऱ्या प्रजातीची असली तरी ती आणि स्वीटेनिया एकाच कुळातील आहेत, आणि ते कूळ मराठी वाचकाला अपरिचित नाही, कारण कडुनिंब त्याच कुळातला आहे. सतारीसाठी वापरला जाणारा तूनही त्याच कुळातला असून त्यालाही बाजारात ‘भारतीय महोगनी’ म्हटले जाते. याउलट ‘फिलिपिनी महोगनी’ या नावाने विकले जाणारे लुआन किंवा मेरांटी हे लाकूड मुख्यतः शोरिया प्रजातीचे, म्हणजे साल वृक्षाच्या नात्यातले आहे आणि खऱ्या महोगनीशी त्याचे वनस्पतिशास्त्रीय नाते नाही. १९६०च्या दशकात जपानमधून निर्यात झालेल्या अनेक स्वस्त ड्रमसंचांची शेल याच लुआनची असत. म्हणून ‘हा ड्रम महोगनीचा आहे’ हे विधान, पुढे झाडाचे नाव सांगितले नाही तर, नादाविषयी फारच थोडे सांगते.

दुसरा गैरसमज अधिक खोलवर रुजलेला आहे, तो म्हणजे ड्रमचा स्वर लाकडातून येतो हा. वस्तुतः स्वर निर्माण होतो तो ताणलेल्या पडद्यात. गोल पडद्यावर आघात झाला की तो एकाच वेळी अनेक प्रकारांनी कंप पावतो आणि आदर्श, सर्वत्र सारख्या जाडीच्या पडद्यात मूलस्वराच्या वर उठणाऱ्या कंपनांची वारंवारता, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या, मूलस्वराच्या १.५९, २.१४, २.३० पट अशा अपूर्णांकी प्रमाणात येते. म्हणूनच ड्रमच्या आवाजात तानपुऱ्यासारखा निश्चित सूर लागत नाही. तबल्याच्या आणि पखवाजाच्या पुडीवरील, म्हणजे तोंडावर ताणलेल्या कातड्यावरील, शाईचा चमत्कार येथेच आहे. मध्यभागी जाड आणि कडेकडे विरळ होत जाणारा हा लेप कंपनांची प्रमाणे पूर्णांकांच्या जवळ आणतो, हे सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले आणि १९३४ मध्ये त्याचे सविस्तर विवेचन केले. या सगळ्या उपपत्तीचा केंद्रबिंदू पुडी आहे; खोडाचे लाकूड तेथे गौण ठरते. पखवाजियाला हे अनुभवाने ठाऊक असतेच, कारण धुमेवर, म्हणजे पखवाजाच्या खर्जाच्या बाजूच्या पुडीवर, ओली कणीक थापली की त्याच खोडातून कितीतरी खालचा, घुमणारा खर्ज निघतो आणि ती खरवडली की तो नाहीसा होतो.

मग लाकडाचे काम काय, असा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर दोन्ही वाद्यांसाठी सारखे नाही. तबला-पखवाजासाठी शिसव, खैर यांसारखी जड लाकडे पसंत केली जातात, कारण जाड आणि वजनदार खोड आघाताच्या वेळी स्वतः फारसे हलत नाही आणि पुडीची ऊर्जा पुडीतच राहू देते. ड्रमचे शेल मात्र बहुधा काही मिलिमीटरच जाडीचे असते, त्यामुळे ते पडद्याबरोबर थोडेफार कंप पावते आणि त्या कंपनातली काही ऊर्जा लाकडाच्या अंतर्गत घर्षणात उष्णता होऊन विरते. या विरण्याला भौतिकशास्त्रात अवमंदन म्हणतात. लाकडाच्या जातीचा नादावर होणारा परिणाम मुख्यतः या वाटेने पोचतो. होंडुरास महोगनीचे वजन घनमीटरमागे सुमारे ५९० किलो आणि ड्रमसाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कठीण मेपलचे सुमारे ७०५ किलो भरते, आणि मेपल दाबाला पुष्कळ अधिक कठीणही आहे. परंतु ताठरपणा आणि घनता यांचा एकत्र हिशेब केला तर रेषांच्या दिशेने ध्वनी दोन्ही लाकडांतून सेकंदाला चार हजार मीटरहून किंचित अधिक अशा जवळजवळ सारख्याच वेगाने जातो. दोन्ही लाकडांच्या नादात जमीन-अस्मानाचे अंतर असल्याचे जे सांगितले जाते, त्याला हे आकडे पुष्टी देत नाहीत.

जुन्या अमेरिकी ड्रमच्या उबदार नादाचा दाखला येथे हमखास दिला जातो. विसाव्या शतकाच्या मध्याला लुडविग आणि स्लिंगरलँड या कंपन्यांच्या अनेक ड्रमांची शेल महोगनी व पॉप्लर यांच्या तीन थरांची, पातळ असत, हे खरे आहे. पण त्याच ड्रमांच्या आत काठाला बळकटी देणारी लाकडी कडी बसवलेली असे, पडदा जेथे टेकतो तो काठ गोलसर घासलेला असे, आणि १९५७च्या सुमारास प्लास्टिकचे पडदे बाजारात येईपर्यंत त्यांवर वासराचे कातडे चढवलेले असे. गोल काठावर पडद्याचा अधिक भाग लाकडाला टेकतो आणि वरचे उपस्वर लवकर विझतात. कातडेही तेच करते. एवढ्या कारणांचा एकत्रित परिणाम एकट्या महोगनीच्या नावावर जमा करणे हा तर्काचा दोष आहे.

महोगनीचा जो गुण निर्विवाद आहे, त्याची चर्चा मात्र क्वचितच होते. ओले लाकूड पूर्ण वाळेपर्यंत होंडुरास महोगनीचे आकारमान सुमारे साडेसात टक्क्यांनी घटते, तर कठीण मेपलचे जवळपास पंधरा टक्क्यांनी. म्हणजे दमटपणा कमी-जास्त झाला तरी महोगनी कमी फुगते, कमी आक्रसते आणि कमी पिळवटते. एकाआड एक आडव्या-उभ्या रेषांनी बसवलेल्या थरांमुळे हा फरक शेलमध्ये कमी होतो, तरी खाडीकाठच्या पावसाळ्यात काठ सपाट आणि गोलाई अचूक राहणे ही वाद्याच्या सुरासाठी फार मोठी गोष्ट आहे. त्याच पावसाळ्यात कातड्याची पुडी ओल शोषून सैल पडते आणि सूर उतरतो, तेव्हा दोष खोडाला दिला जातो, तोही बहुतेक वेळा अन्यायानेच.

भारतात लावलेली महोगनी ‘खोटी’ असते, हाही एक समज आहे. स्वीटेनिया महागोनी १७९५ मध्ये कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणली गेली आणि आज महाराष्ट्रातील शेतकरीही मॅक्रोफायलाची लागवड करतात. झाड तेच असते, फक्त वय, जमीन आणि वाढीचा वेग यांनुसार लाकडाची घनता बदलते. मध्य व दक्षिण अमेरिकेतील नैसर्गिक जंगलांतील मॅक्रोफायलाच्या व्यापारावर ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराने २००३ पासून नियंत्रण आहे आणि आफ्रिकी खायाच्या जातींचा समावेश २०२२ च्या परिषदेत झाला, त्यामुळे लागवडीच्या लाकडाकडे वाद्यनिर्मात्यांनी तुच्छतेने पाहणे परवडणारे नाही.

ड्रम घेणाऱ्याने विक्रेत्याला लाकडाचे नाव विचारण्याबरोबरच झाडाची जात, थरांची संख्या आणि शेलची जाडी विचारावी, पडदा काढून काठ गोल आहे की धारदार हे बोटाने पाहावे, आणि शेल सपाट काचेवर उपडे ठेवून आत विजेरी लावावी. काठाखालून उजेडाची रेघ दिसली, तर ते शेल कोणत्याही महोगनीचे असले तरी घेऊ नये.