प्रयोगाची आठवण आणि मेळघाटचा बांबू

विराटाचा मेहुणा कीचक याला भीमाने ठार करून ज्या दरीत लोटले ती कीचकदरा, आणि तिचाच पुढे चिखलदरा झाला, अशी आख्यायिका वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. भीमकुंड आणि वैराट ही नावे तिच्या साक्षीला उभीच आहेत. राजस्थानातील बैराटही विराटनगरीचा मान सांगते, हा भाग वेगळा. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी याच कथेवर लिहिलेले ‘कीचकवध’ 1907 साली रंगभूमीवर आले. प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला, आणि 1910 साली सरकारने नाटकावर बंदी घातली. साम्राज्याला अस्वस्थ करणाऱ्या या नाटकाचा प्रयोग पर्यटनाच्या हंगामात त्या दरीकाठीच व्हावा, ही कल्पना मोहक आहे. परंतु प्रयोग संपल्यावर प्रेक्षकाने बरोबर काय न्यावे, याचा विचारही त्याच वेळी झाला पाहिजे.

हा विचार व्यापारी म्हणून हिणवण्याचे कारण नाही. संगीत नाटकांच्या वैभवकाळात नाटकातील पदांची छोटी पुस्तके नाट्यगृहात विकली जात. प्रेक्षक ती घरी नेत, पदे पाठ करीत, आणि नाटक माजघरात पोहोचत असे. बालगंधर्वांची छबी बाजारातील वस्तूंवर झळकली, तीही लोकप्रियतेची खूणच होती. पण दोहोंत एक भेद आहे. छबीने नट घरी आला. पदांच्या पुस्तकाने नाटक घरी आले. स्मरणवस्तूची खरी कसोटी हीच होय.

परदेशातही याचा दाखला मिळतो. 1981 साली लंडनमध्ये सुरू झालेल्या ‘कॅट्स’ या संगीतिकेच्या बोधचिन्हात कोणा नटाचा चेहरा नव्हता. काळ्या पार्श्वभूमीवर दोन पिवळे डोळे आणि त्यांच्या बाहुल्यांत नाचणाऱ्या आकृती, एवढेच ते चित्र. ते असंख्य सदऱ्यांवर छापले गेले आणि जगभर ओळखले गेले. नाटकाचे मर्म एका आकारात पकडले, की जाहिरातीचे शब्द अनावश्यक ठरतात.

‘कीचकवधा’साठी असा आकार कोणता? गदा चटकन सुचेल. पण गदा भीमाच्या कोणत्याही कथेला चालते. अज्ञातवासातील पांडवांचे दुःख गदेत नाही, ते त्यांच्या वेषांतरात आहे. सम्राज्ञी द्रौपदी सैरंध्री होऊन सुदेष्णेची केशरचना करते. महाबली भीम बल्लव होऊन विराटाच्या पाकशाळेत राबतो. म्हणून फणी आणि डाव हीच या कथेची चिन्हे होत. अपमान गिळून केलेली चाकरी आणि तिच्यामागे दबा धरून बसलेला संताप, दोन्ही त्यांत आहेत. शिवाय घरात त्या रोज हाताळल्या जातील, फडताळात धूळ खात पडणार नाहीत. सोबत एक छापील पान असावे. त्यात 1907 चा प्रयोग आणि 1910 ची बंदी इतिहास म्हणून, तर दरीची कथा आख्यायिका म्हणूनच सांगावी.

या वस्तू बांबूच्या असाव्यात आणि मेळघाटातच घडाव्यात. धारणी तालुक्यातील लवादा येथे संपूर्ण बांबू केंद्राने बांबूच्या राख्यांपर्यंत मजल मारून, या हातांना नवे घाट परके नाहीत, हे दाखवून दिले आहे. ज्या मुलखातून माणसे मजुरीसाठी दरवर्षी बाहेर पडतात, तेथे घरबसल्या मिळणाऱ्या कामाचे मोल निराळे सांगावयास नको. मात्र आराखडा शहरात ठरवून कारागिराला केवळ नगावर मजुरी द्यावयाची, ही रीत येथे नको. घाट ठरविताना त्याचे मत घ्यावे, आणि छापील पानावर त्याचे व त्याच्या गावाचे नाव त्याच्या संमतीने यावे. तसेच कोरकूंचा मेघनाथाचा खांब ही श्रद्धेची वस्तू आहे. तिचे खेळणे करून विकण्याचा मोह आवरलाच पाहिजे.

सैरंध्रीच्या श्रमावर विराटाचे अंतःपुर सजत होते, पण ती कोण हे तेथे कुणालाच ठाऊक नव्हते. तिची फणी विकताना ती घडविणारे हात पुन्हा अज्ञातवासात ठेवले, तर नाटक कुणालाच समजले नाही, असे म्हणावे लागेल.