कचऱ्यातला पारा कुठे जातो?

लोखंडी खिळा पाण्यात बुडतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण असाही एक द्रव आहे, ज्यावर तोच खिळा मजेत तरंगतो! तो म्हणजे पारा. आहे धातू, पण आपल्याकडच्या कडाक्याच्या थंडीतही तो घट्ट होत नाही. त्याला गोठवायचं तर उणे ३९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावं लागतं. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, तर एक लिटर पाऱ्याचं साडेतेरा किलो!

हा पारा कदाचित तुमच्या घरातही असेल. जुनी ट्यूबलाइट किंवा वळणावळणाचा सीएफएल दिवा आहे ना? त्याच्या काचेच्या नळीत पाऱ्याची वाफ असते. बटण दाबलं, की विजेमुळे त्या वाफेतून अतिनील किरण निघतात. ते आपल्याला दिसत नाहीत. पण नळीला आतून पांढरी पूड लावलेली असते. ती हे किरण शोषून घेते आणि आपल्याला दिसणारा उजेड बाहेर टाकते. एलईडी दिव्यात मात्र पारा नसतो.

एका सीएफएलमध्ये पारा असतो जेमतेम काही मिलिग्रॅम. मग एवढी काळजी कशाला? कारण पारा कुजत नाही, जळून संपत नाही. दिवा फुटला की पाऱ्याची वाफ हवेत जाते, पावसाबरोबर खाली येते आणि ओढ्यानाल्यांतून नदीत पोचते. तिथल्या चिखलातले जिवाणू त्याचं आणखी विषारी रूप तयार करतात. ते शिरतं शेवाळात, शेवाळ खाणाऱ्या किड्यांत, किडे खाणाऱ्या लहान माशांत, मग मोठ्या माशांत. दर पायरीला विषाचं प्रमाण वाढत जातं!

जपानमधल्या मिनामाता गावानं याची फार मोठी किंमत मोजली. तिथला एक कारखाना पाऱ्याचं सांडपाणी समुद्रात सोडायचा. आधी मासे खाणाऱ्या मांजरांना झटके येऊ लागले. १९५६ साली माणसांचा आजारही उघडकीला आला. कितीतरी मुलं अपंगच जन्माला आली. पुढे पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी जगातल्या देशांनी २०१३ साली करार केला. त्याचं नाव मिनामाता करार. भारतही त्यात आहे.

आता आपल्या सातारा-सांगलीचा नकाशा उघडा. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, वाईवरून कराडला येते, प्रीतिसंगमावर कोयनेला भेटते आणि पुढे सांगलीला जाते. म्हणजे सातारा जिल्ह्यात जे कृष्णेच्या पाण्यात मिसळेल, ते सांगलीच्या वाटेला लागणारच. मुदत संपलेलं औषध मोरीत ओतलं, तरी त्याची वाट हीच.

अळूवडीसारखी बॅटरी

मोबाइलची लिथियम बॅटरी आतून कशी असते, माहीत आहे? पातळ पट्ट्या एकावर एक ठेवून, अळूवडीच्या उंड्यासारख्या घट्ट गुंडाळलेल्या किंवा दुमडलेल्या. दोन पट्ट्यांच्या मध्ये एक नाजूक पडदा असतो, मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढा. कचऱ्याच्या गाडीत बॅटरी दाबली गेली आणि हा पडदा फाटला, की पट्ट्या एकमेकींना भिडतात, बॅटरी भराभर तापते आणि पेट घेते. आजूबाजूला कागद-प्लॅस्टिक असतंच. मग गाडीच पेटते!

खेळण्यातली बटणाएवढी बॅटरी तर त्याहून फसवी. लहान बाळानं ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतही आत गंभीर जखम होते. असं झालं तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठायचा.

तासगावकडे द्राक्षबागा आहेत ना कुणाच्या? फवारणीच्या औषधाच्या बाटलीवरचा रंगीत त्रिकोण बघा, पण हात न लावता. लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. पण हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. रिकामी बाटली मोठ्यांनी तीनदा विसळायची आणि ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतायचं. त्या बाटलीत पुन्हा तेल-पाणी कधीच भरायचं नाही.

वेगळं ठेवायचं ते घरातच

दिवे, बॅटऱ्या, औषधं या सगळ्याला २०१६ सालच्या घनकचरा नियमांनी वेगळं नाव दिलं: घरगुती घातक कचरा. रंगाचे डबे, सुया-सिरिंजही त्यातच येतात. तो ओल्या-सुक्या कचऱ्यात एकदा मिसळला, की पुन्हा वेगळा करणं जवळजवळ अशक्य. मग घंटागाडीवरच्या काका-मावशींच्या हाताला सुई टोचते, काच लागते.

आपल्या भागाला हे जमणार नाही असं मुळीच नाही! स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी वस्तीच्या शहरांमध्ये २०२० साली देशात पहिलं आलं कराड, २०२१ साली विटा आणि २०२२ साली पाचगणी. तीन वर्षं ओळीनं हा मान सातारा-सांगलीकडेच!

विट्याची आणखी एक गंमत. तिथली कितीतरी कुटुंबं देशभर गलाईचा व्यवसाय करतात, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करतात. मोबाइलच्या सर्किटमध्येही थोडं सोनं, चांदी, तांबं असतं. ते मान्यताप्राप्त पुनर्वापर केंद्रात परत मिळवता येतं. घरी वायरी जाळून किंवा ॲसिड वापरून मात्र मुळीच नाही, त्यातून विषारी धूर निघतो.

तर मग या रविवारी हे करा:

• झाकणाच्या डब्यावर ‘घातक कचरा’ लिहा. तो लहान भावंडांच्या हाती लागणार नाही असा ठेवा.
• बॅटरीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा.
• बंद पडलेली ट्यूब फोडू नका, पुठ्ठ्यात गुंडाळा.
• सीएफएल फुटला तर खिडक्या उघडा, दहा-पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा. मग तुकडे मोठ्यांनी जाड कागदानं उचलायचे. केरसुणी नको, पारा पसरतो.
• सुया मोठ्यांनीच जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत टाकायच्या आणि झाकण घट्ट लावायचं.

डबा भरला की घंटागाडीवर वेगळा द्या किंवा आई-बाबांबरोबर नगरपालिकेत जाऊन विचारा, “आमच्या भागातलं घातक कचऱ्याचं केंद्र कुठे आहे?” ते नसेल तर वर्गातल्या सगळ्यांनी मिळून मुख्याधिकाऱ्यांना पत्र लिहा. असं केंद्र सुरू करणं नगरपालिकेचं कामच आहे आणि त्याची मागणी करण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.