मेथॅम्फेटामीन : परिणाम, सहनशीलता आणि आरोग्यविषयक धोके – एक विवेचन

प्रस्तावना :
26 जून हा दिवस अमली पदार्थविरोधी दिन म्हणून जगभर पाळला जातो. त्यानिमित्त राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका कार्यक्रमात प्रस्तुत लेखकाचे भाषण संपल्यावर द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, पण एकदा सवय झाली की शरीर ते झेलायला शिकतं ना?" सभागृहात हशा पिकला. मात्र हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. पहिल्यांदा तंबाखू खाणाऱ्यास घेरी येते, ओकारी होते आणि महिन्याभरात ती अंगवळणी पडते, हे त्याने घरीदारी पाहिलेले होते. त्यावरून काढलेले अनुमान तर्काला सोडून नव्हते.

या प्रक्रियेस औषधशास्त्रात 'टॉलरन्स' म्हणतात व मराठीत त्यासाठी 'सहनशीलता' हा शब्द योजला जातो. आपल्या भाषेत सहनशीलता हा गुण आहे. सोसण्याची ताकद आहे. मेथॅम्फेटामीनच्या बाबतीत हा शब्द फसवा ठरतो. या पदार्थाची सवय झाली म्हणजे प्रथम कमी होतो तो त्याचा आनंद; त्याचा उपद्रव त्या प्रमाणात कमी होत नाही, आणि काही बाबतीत तर तो वाढतो. हा भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. महाराष्ट्रातील वृत्तपत्रांत वारंवार झळकणारे 'एमडी' म्हणजे मेफेड्रोन होय. ते कॅथिनोन गटातील वेगळे रसायन असून 2015 साली त्याचा समावेश अमली पदार्थविषयक कायद्याच्या सूचीत झाला. मेथॅम्फेटामीन हे 'आईस', 'क्रिस्टल' वा 'मेथ' या नावांनी ओळखले जाते. दोन्ही उत्तेजकच आहेत, तथापि त्यांची सरमिसळ करून चालणार नाही.

पूर्वेतिहास :
इफेड्रा ही वनस्पती चिनी वैद्यकात प्राचीन काळापासून वापरात आहे. तिच्यातील इफेड्रीन हे द्रव्य जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी 1885 साली वेगळे केले व 1893 मध्ये त्यापासून मेथॅम्फेटामीन तयार केले. 1938 साली जर्मनीत ते 'पर्व्हिटिन' या नावाने बाजारात आले. 1940 च्या एप्रिल ते जून या काळात जर्मन सैन्यास त्याच्या सुमारे साडेतीन कोटी गोळ्या पुरविण्यात आल्या. झोप व थकवा दूर ठेवणारे औषध सेनापतींना हवेहवेसे वाटले यात नवल नाही. परंतु सैनिकांवरील दुष्परिणाम दिसू लागताच 1941 मध्ये त्या देशाने त्यावर कडक निर्बंध घातले. जपानमध्ये 'हिरोपॉन' या नावाने हेच औषध युद्धानंतरही विकले जात राहिले. तेथे व्यसनाची एवढी मोठी लाट आली की 1951 साली स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि 1954 या एकाच वर्षी त्याखाली सुमारे 55 हजार व्यक्तींना अटक झाली. या लाटेतील रुग्णांवर उपचार करताना जपानी मनोविकारतज्ज्ञांनी जी निरीक्षणे नोंदविली, त्यांचा उल्लेख पुढे येईल.

महाराष्ट्राचा या साखळीशी संबंध मुख्यत्वे कच्च्या मालाच्या वाटेने आला आहे. 2016 साली सोलापूर परिसरातील एका औषधनिर्मिती कारखान्यातून इफेड्रीनचा प्रचंड साठा ठाणे पोलिसांनी जप्त केला, हे अनेकांस स्मरत असेल.

मेंदूतील कार्य :
अ‍ॅम्फेटामीनच्या रेणूपेक्षा मेथॅम्फेटामीनच्या रेणूत एक मिथाइल गट अधिक असतो. या लहानशा फरकामुळे तो स्निग्ध पदार्थांत सहज विरघळतो आणि रक्त व मेंदू यांमधील नैसर्गिक अडसर वेगाने ओलांडतो. मेंदूतील चेतापेशी डोपामिन हे द्रव्य लहान पिशव्यांत साठवून ठेवतात, गरजेपुरते बाहेर सोडतात आणि काम झाल्यावर वाहक प्रथिनांच्या साहाय्याने परत आत घेतात. मेथॅम्फेटामीन ही सारी व्यवस्था उलटी फिरवते. पिशव्यांतील साठा पेशीत सांडतो आणि आत ओढणारे वाहक तोच साठा बाहेर फेकू लागतात. उंदरांवरील प्रयोगांत अन्नामुळे डोपामिनची पातळी मूळच्या सुमारे दीडपट होते, तर अ‍ॅम्फेटामीन वर्गातील द्रव्यांमुळे ती दहापट वा त्याहूनही अधिक वाढलेली आढळली आहे. यातूनच अतीव उल्हास, अवास्तव आत्मविश्वास, निद्रानाश व भूक मरणे हे परिणाम उद्भवतात. त्याच वेळी नॉरएपिनेफ्रिन वाढल्याने हृदयाचे ठोके, रक्तदाब व शरीराचे तापमान चढते.

सहनशीलतेचे स्वरूप :
कोकेनचे रक्तातील प्रमाण साधारण तासाभरात निम्म्यावर येते. मेथॅम्फेटामीनला त्यासाठी 10 ते 12 तास लागतात. उल्हास मात्र त्याच्या कितीतरी आधी ओसरतो, कारण डोपामिनचा साठा तोपर्यंत रिता झालेला असतो. ही तात्कालिक सहनशीलता होय, आणि मोठा घात येथेच होतो. साध्या गणिताने हे पाहता येईल. निम्मे होण्याचा काळ 11 तास धरला, तर चार तासांनंतर मूळ मात्रेचा 77 टक्क्यांहून अधिक भाग शरीरात शिल्लक असतो. 'उतरली' असे समजून दर चार तासांनी तेवढीच मात्रा घेतली, तर तिसऱ्या वेळी शरीरातील प्रमाण पहिल्या वेळेच्या सुमारे 2.4 पट झालेले असते. सेवन करणाऱ्यास ते जाणवत नाही. त्याच्या हृदयास व रक्तवाहिन्यांस मात्र ते भोगावे लागते.

दीर्घकालीन सहनशीलता याहून वेगळी. सततच्या भडिमारापुढे मेंदू आपली दारे लावून घेतो. डोपामिनचे संग्राहक व वाहक कमी होतात. अमेरिकेतील नोरा व्होल्को व सहकाऱ्यांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सेवन थांबविलेल्या व्यक्तींतही डोपामिन-वाहकांचे प्रमाण निरोगी व्यक्तींपेक्षा सुमारे 24 टक्क्यांनी कमी आढळले, आणि त्याचा संबंध मंदावलेल्या हालचाली व स्मरणशक्ती यांच्याशी दिसून आला. वर्षाहून अधिक काळ दूर राहिलेल्यांत वाहकांचे प्रमाण बरेच सुधारले; चाचण्यांतील कामगिरी मात्र त्या प्रमाणात सुधारली नाही. परिणामी व्यसनी व्यक्तीस पूर्वीचा उल्हास तर लाभत नाहीच, शिवाय जेवण, गप्पा, क्रिकेटचा सामना यांतूनही काही वाटेनासे होते. मात्रा वाढविली जाते ती बहुधा आनंदासाठी नव्हे, तर निव्वळ उठून बसता यावे यासाठी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मनोविकृतीबाबत सहनशीलतेच्या अगदी उलट प्रक्रिया घडते. कोणीतरी पाठलाग करीत आहे, भिंतीआडून आवाज येत आहेत, असे भ्रम एकदा होऊन गेलेल्या रुग्णास पुढच्या वेळी ते अल्प मात्रेनेही होतात. अनेक महिने पदार्थास न शिवलेल्या व्यक्तीस केवळ तीव्र मानसिक ताणाने अशी लक्षणे पुन्हा उद्भवल्याचे जपानी तज्ज्ञांनी नोंदविले आहे. शास्त्रज्ञ यास 'संवेदनीकरण' म्हणतात. त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर येथे आहे : शरीर झेलायला शिकते ते अर्धेच, उरलेल्या अर्ध्याबाबत ते अधिक हळवे होते.

आरोग्यविषयक धोके :
हृदयाच्या गतीबाबत काही प्रमाणात सहनशीलता येते. पण ती संरक्षण देण्याइतकी नसते. दीर्घ सेवनाने हृदयाचा स्नायू फुगून दुबळा होतो. सेवन वेळीच थांबविल्यास तो काही अंशी सावरतो, ही दिलाशाची बाब. एरवी ज्या वयात पक्षाघाताची शंकाही येणार नाही, अशा तरुणांत मेंदूतील रक्तस्राव आढळतो. शरीराचे तापमान 40 अंश सेल्सिअसपलीकडे गेल्यास स्नायू विरघळू लागतात व मूत्रपिंडे निकामी होतात. अतिसेवनातील अनेक मृत्यूंमागे हे कारण असते. अफूजन्य पदार्थांच्या विषबाधेवर नॅलोक्सोन हा उतारा आहे, तसा उतारा येथे उपलब्ध नाही.

दात किडणे हे बहुचर्चित लक्षण आम्लामुळे होते, असा समज आहे. वस्तुतः कोरडे तोंड, दात खाणे, गोड पेयांचा मारा आणि स्वच्छतेची हेळसांड यांचा तो एकत्रित परिणाम होय. कॅलिफोर्नियातील रुग्णालयीन नोंदींवर आधारित 2012 सालच्या अभ्यासात या व्यसनींमध्ये पुढे कंपवात होण्याची शक्यता सुमारे 75 टक्क्यांनी अधिक दिसली. सुई वाटून घेणाऱ्यांस एचआयव्ही व कावीळ-सी यांचा धोका असतो, हे सर्वज्ञात आहे.

उपचार व महाविद्यालयीन संदर्भ :
सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात 10 ते 75 वयोगटातील 0.18 टक्के लोक अ‍ॅम्फेटामीन वर्गातील उत्तेजके वापरतात. प्रमाण अल्प आहे. पण आपल्यासमोर बसणारा वयोगट त्यात मोडतो.

प्राध्यापकांच्या नजरेस पडते ती बहुधा नशा नसून नशेनंतरची घसरण असते. सलग दोन दिवस झोपणे, अनावर भूक, चिडचिड, कशातच रस नसणे हे सारे आपण हजेरीपटावर 'बेपर्वाई' म्हणून नोंदवितो. पहिल्या आठवडा-दीड आठवड्यात ही लक्षणे तीव्र असतात आणि या काळात आत्महत्येचे विचार बळावतात. पालकांना बोलावून सर्वांसमक्ष झाडण्याची ही वेळ नव्हे. शिवाय काही काळ दूर राहिल्याने सहनशीलता ओसरते, म्हणून जुनीच मात्रा पुन्हा घेणारा अधिक संकटात सापडतो.

या व्यसनावर अद्याप मान्यताप्राप्त औषध नाही. नॅलट्रेक्झोन व ब्युप्रोपिऑन यांच्या संयुक्त चाचणीत 13.6 टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला, तर औषधविरहित गटात 2.5 टक्क्यांनी, असे 2021 साली प्रसिद्ध झाले. त्यापेक्षा सेवनमुक्त राहिल्याबद्दल छोटी बक्षिसे देण्याची वर्तनोपचार पद्धती अधिक परिणामकारक ठरली आहे. 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील कलम 64-अ अन्वये अल्प प्रमाणाच्या वा सेवनाच्या गुन्ह्यातील जी व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेते, तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते. मेथॅम्फेटामीनबाबत हे अल्प प्रमाण 2 ग्रॅम आहे. ही तरतूद विद्यार्थ्यांना तर नाहीच, बहुतेक महाविद्यालयांच्या समुपदेशन कक्षांनाही माहीत नसते. शासनाच्या व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा 14446 हा क्रमांक आणि हे कलम सूचनाफलकावर शेजारीशेजारी लावण्यास एक कागद पुरतो.