पुसलेला आकडा परत कसा मिळतो?

पुण्याच्या पश्चिमेला, मुळशी तालुक्यात लवळे हे गाव आहे. सिंबायोसिस आणि फ्लेम या दोन विद्यापीठांमुळे आता त्याचे नाव दूरवर पोचले आहे. सिंबायोसिसचे रुग्णालयही इथेच आहे. अशा संस्थांत रोज केवढ्या नोंदी होत असतील! विद्यार्थ्यांचे गुण, ग्रंथालयातील पुस्तके, रुग्णांच्या तपासण्यांचे निकाल. पूर्वी हे सारे चोपड्यांत लिहीत, आता ते संगणकाच्या डिस्कवर असते. चोपडी भिजली तर पाने उन्हात वाळवता येतात. डिस्कचे तसे नाही. नेहमीच्या वापरातील चुंबकीय डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. असे यंत्र कधी ना कधी बंद पडणारच.

मग रुग्णाची नोंद वाचवायची कशी? एक युक्ती तुम्हाला ठाऊकच आहे. समजा, प्रगतिपुस्तकात मराठीचे ६७, गणिताचे ८१, विज्ञानाचे ७४ आणि एकूण २२२ गुण आहेत. गणिताच्या आकड्यावर शाई सांडली. तुम्ही घाबराल का? २२२ मधून ६७ आणि ७४ वजा केले की ८१ परत हजर!

हीच युक्ती डिस्कना लावण्याचा एक गाजलेला निबंध १९८८ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथील डेव्हिड पॅटर्सन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी मांडला. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी पुष्कळ स्वस्त डिस्क एकत्र जोडाव्यात, असे त्यांचे म्हणणे. या मांडणीला ‘रेड’ म्हणतात. तांबड्या रंगाशी तिचा काही संबंध नाही. (योगायोग असा की, त्याच वर्षी पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला, तोही अनेक लहान प्रक्रियक एकत्र जोडूनच.) पण डिस्क वाढल्या की धोकाही वाढतो. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते असे धरले, तर १०० डिस्कपैकी एखादी सरासरी दर ३०० तासांनी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, बिघडणार. म्हणून ‘एकूण’चा रकाना हवाच.

संगणकाला ० आणि १ हे दोनच अंक कळतात, त्यामुळे बेरीज आणखी सोपी होते. प्रत्येक रकान्यात १ ची संख्या विषम असेल तर १ लिहायचा, सम असेल तर ०. तीन डिस्कवर १०११, ०११० आणि ११०० लिहिले आहे असे समजा. चौथीवर येईल ०००१. याला पॅरिटी म्हणतात. आता दुसरी डिस्क मेली. उरलेल्या तिन्हींना तोच नियम लावा: ०११०. वहीत करून पाहाच.

इथवर सारे छान. खरी गोम पुढे आहे.

दुसऱ्या डिस्कवरचा ०११० बदलून आपल्याला ०१०१ लिहायचे आहे. त्याबरोबर पॅरिटीही ०००१ ची ००१० झाली पाहिजे. म्हणजे दोन डिस्कवर दोनदा लिहिणे आले, आणि ही दोन्ही कामे नेमकी एकाच क्षणी पुरी होतील याची खात्री नसते. वळवाचा पाऊस सुरू झाला, नवा आकडा लिहून झाला आणि पॅरिटी लिहिण्यापूर्वी वीज गेली. वीज परत आल्यावर सारे वरवर ठीक दिसते. तिन्ही डिस्क वाचता येतात, कुणाला शंकाही येत नाही. काही महिन्यांनी पहिली डिस्क बिघडते. आपण निश्चिंतपणे ०१०१, ११०० आणि जुनी पॅरिटी ०००१ यांवरून हिशेब करतो. उत्तर येते १०००. खरा आकडा होता १०११! त्या दिवशी ज्या डिस्कला कुणी हातही लावला नव्हता, तिचीच माहिती चुकीची निघाली. आणि हा चुकीचा आकडा अगदी बरोबर असल्यासारखाच समोर येतो. मला तर डिस्क उघडपणे बंद पडण्यापेक्षा हे अधिक भयंकर वाटते.

म्हणून हे काम अनेक ठिकाणी नियंत्रक नावाच्या वेगळ्या कार्डावर सोपवतात. त्याच्या स्मृतीला बॅटरीचा आधार असतो. वीज गेली तरी अर्धवट राहिलेले लिखाण तिथे शाबूत राहते आणि वीज येताच पुरे होते.

मात्र हा नियंत्रक आणि संगणक यांच्यामध्ये एक दुभाषा लागतो. त्याला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. हा ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे ‘कर्नल’मध्ये बसतो. (फौजेतला कर्नल नव्हे, बदाम फोडल्यावर निघणाऱ्या गरालाही इंग्रजीत हाच उच्चार असलेला शब्द आहे.) गाभ्यात बसणाऱ्याला संगणकाच्या साऱ्या स्मृतीला हात लावता येतो. त्यामुळे साध्या प्रोग्रामची चूक त्याच्यापुरती राहते, ड्रायव्हरची चूक अख्खा संगणक बंद पाडू शकते.

याचे काम पोस्टमनसारखे आहे. ‘अमुक मजकूर तमुक जागी लिही’ अशा हुकमावर क्रमांक घालून तो नियंत्रकाकडे धाडायचा. एका वेळी शेकडो हुकूम वाटेत असतात. उत्तरे त्याच क्रमाने येतात असे नाही, तेव्हा क्रमांक पाहून ज्याचे उत्तर त्याला पोचवायचे. उत्तर आलेच नाही तर? ‘लिनक्स’मध्ये डिस्कच्या हुकमासाठी साधारणपणे ३० सेकंद वाट पाहतात. मग तो हुकूम रद्द करतात. तरीही नियंत्रक गप्पच राहिला, तर त्याला नव्याने सुरू करून राहिलेले हुकूम परत धाडतात.

इथे घाई अंगाशी येते. समजा, वाचनाचा हुकूम रद्द झाला असे मानून ड्रायव्हरने त्याची स्मृतीतील जागा दुसऱ्या प्रोग्रामला दिली. नियंत्रक मात्र थांबलेलाच नव्हता. तो उशिराने जागा होतो आणि मागवलेला मजकूर त्याच जागेत ओततो, कारण त्याला स्मृतीत थेट लिहिता येते. दुसऱ्या प्रोग्रामचा हिशेब क्षणात बिघडतो. म्हणून नियंत्रक खरोखर थांबल्याची खात्री होईपर्यंत ड्रायव्हरने ती जागा सोडायची नसते.

संगणक बंद करतानाही त्याचे एक काम उरते. बॅटरीच्या आधाराने राखलेला मजकूर अजून डिस्कवर उतरलेला नसेल, तर ‘सारे उतरवून घे’ असा शेवटचा हुकूम तो नियंत्रकाला देतो. ‘झाले’ असे उत्तर येईपर्यंत थांबतो, आणि मगच संगणकाला बंद होऊ देतो.